हमीची हयात

दसऱ्याच्या दिवशी नागपुरात गाड्यांना झेंडूच्या माळा चढतात, आणि तेव्हापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गाडीच्या निमित्ताने जे जे विकता येईल ते ते विकण्याचा मोसम चालू राहतो. नवी गाडी घेणाऱ्याच्या हाती पत्रके येतात, तशी जुनी गाडी जपून वापरणाऱ्याच्या हातीही येतात. बॅटरी बदला, ब्रेक पॅड बदला, सायलेन्सर बदला, आसनांना नवी आवरणे घाला! या साऱ्या आर्जवांत एक शब्द अधूनमधून मोठ्या अक्षरांत डोकावतो. तो म्हणजे 'लाइफटाइम वॉरंटी'. मराठीत सांगायचे तर आजीवन हमी. एकदा पैसे मोजा आणि जन्माची काळजी मिटवा, असा त्याचा एकंदर सूर असतो.

आयुष्याविषयीचे मोठे शब्द आपल्या भाषेला नवे नाहीत. वाकून नमस्कार करणाऱ्याला वडीलधारी माणसे 'शतायुषी हो' म्हणतात. लग्नपत्रिकेत वर हा नेहमीच चिरंजीव असतो. परंतु शंभर वर्षे पुरी झाली नाहीत म्हणून कोणी आजोबांवर दावा लावल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण उघड आहे. आशीर्वाद ही इच्छा असते आणि हमी हा करार असतो. आशीर्वाद देणारा आपल्या हाती नसलेल्या गोष्टीविषयी बोलत असतो, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच ठाऊक असते. हमी देणारा मात्र मोबदला घेऊन बोलतो. तेव्हा 'आजीवन' हा शब्द आशीर्वादाच्या ओठांवरून उतरून पावतीवर येऊन बसला, म्हणजे त्याला दोन प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्यच ठरते. त्यांतला पहिला प्रश्न अगदी साधा आहे. आजीवन म्हणजे कोणाच्या जीवनापर्यंत?

मोटारीच्या एखाद्या सुट्या भागाच्या बाबतीत निदान चार जीवने संभवतात: घेणाऱ्याचे, गाडीचे, खुद्द त्या भागाचे आणि हमी देणाऱ्या दुकानाचे. यांपैकी भागाचे जीवन धरले तर हमीला काही अर्थच उरत नाही. जोपर्यंत हा भाग टिकेल तोपर्यंत हा भाग टिकेल, एवढेच तिचे सार निघते. घेणाऱ्याचे जीवन धरले, तर तो गाडी विकून मोकळा झाल्यावर हमी कशाला चिकटून राहणार? गाडीचे जीवन धरले, तर ते केव्हा संपले हे कोणी ठरवायचे? आणि दुकानाचे जीवन धरायचे, तर ग्राहकाने दुकानदाराची प्रकृती पाहूनच माल घ्यायला हवा.

हा शब्दच्छल नव्हे. जेथे मोटारी पुष्कळ, त्या अमेरिकेत हा प्रश्न व्यवहारात उभा राहिला. १९५६ साली नेट शर्मन नावाच्या गृहस्थाने जॉर्जिया राज्यातील मेकन या गावी 'मिडास' हे सायलेन्सर बसवून देणारे दुकान काढले. पुढे त्याच्या शाखा सर्वत्र पसरल्या. मिडासच्या सायलेन्सरची हमी कशी होती? जोपर्यंत गाडी तुमच्या मालकीची, तोपर्यंत. म्हणजे हमीचे आयुष्य ना माणसाचे, ना गाडीचे, ना सायलेन्सरचे. ते त्या दोघांच्या संसाराचे आयुष्य. गाडी दुसऱ्याला विकली की संसार मोडला आणि हमीही सरली. निदान येथे मोजमाप काय आहे, हे सांगितलेले तरी होते. तेथील व्यापार आयोगाने पुढे जाहिरातदारांसाठी जे मार्गदर्शक नियम केले, त्यांतही हाच आग्रह आहे. 'लाइफटाइम' म्हणायचे असेल तर ते कोणाचे, हे ग्राहकाला कळेल अशा रीतीने सांगा. नियमांतली उदाहरणेही मोटारीच्या बॅटरीची आणि सायलेन्सरची आहेत, यावरून हा शब्द सर्वांत जास्त कोठे ताणला गेला होता ते ध्यानात येईल.

आपल्याकडेही हा अनुभव आहे, फक्त तो मोटारीच्या दुकानात आलेला नाही. २००५ सालच्या अखेरीस भ्रमणध्वनीच्या कंपन्यांनी एकदाच काही रक्कम भरा आणि आजीवन फोन घ्या, अशा योजना काढल्या. पुष्कळांनी घरातल्या वृद्धांसाठी त्या हौसेने घेतल्या. नियामक प्राधिकरणाने २००६ मध्ये खुलासा केला, तेव्हा कळले की हे जीवन ग्राहकाचे नसून कंपनीच्या परवान्याचे आहे. परवाना चालू असेतोवर फोन चालू. २०१८ च्या अखेरीस तर दर महिन्याकाठी किमान इतके पैसे भरा, नाहीतर येणारे फोनही बंद होतील, अशी अट कंपन्यांनी आणली आणि आजीवन योजनेत निश्चिंत बसलेले ग्राहक खडबडून जागे झाले.

सरकारी दप्तरातही या शब्दाची गंमत आहे. खासगी गाडी घेताना महाराष्ट्रात जो एकरकमी वाहन कर भरावा लागतो, त्याला लोक सर्रास 'लाइफटाइम टॅक्स' म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घ्यावी लागते, नोंदणी पाच पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि वर पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे सरकारच्या हिशेबी गाडीचा एक जन्म १५ वर्षांचा. पुढचे सगळे पुनर्जन्म!

याच्या अगदी उलट उदाहरण न्यायालयाने घालून दिले आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे किंवा वीस वर्षे, अशी लोकांची समजूत असते. १९६१ साली महाराष्ट्रातील एका बंदिवानाच्या अर्जावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आजन्म म्हणजे त्या माणसाचा उरलेला संपूर्ण नैसर्गिक जन्म. शासनाने सूट दिली तर गोष्ट वेगळी, पण शब्दाचा अर्थ तोच. शिक्षा देताना आपण 'आजन्म' हा शब्द पुरा मोजतो आणि सोय देताना तो आखडता घेतो, ही आपल्या संस्कृतीवरची एक मार्मिक टीकाच म्हटली पाहिजे.

आता 'गाडीचे जीवन' या कल्पनेकडे वळू. नागपूरच्या वाचकाला मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद सांगण्याची गरज नाही. राजा रथातून आला होता. नागसेनांनी त्याला विचारले, की रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला आणि अखेर त्याला मान्य करावे लागले, की या सगळ्या भागांच्या एकत्र असण्याला आपण रथ हे नाव देतो, त्याहून निराळी रथ नावाची वस्तू नाही. हा संवाद आत्म्याविषयी आहे हे खरे. पण गॅरेजमध्ये उभे राहून तो आठवला तर फार उपयोगी पडतो. बॅटरी बदलली, टायर बदलले, क्लच बदलला, एके दिवशी इंजिनही उघडून नवे करून घेतले. मग जीवन संपले कोणाचे आणि चालू राहिले कोणाचे? आजीवन हमीचा भाग ज्या गाडीत आहे, त्या गाडीचे जीवन त्या एका भागाने ठरत नाही. इतर शंभर भाग आणि त्यांच्याकडे लक्ष देणारा माणूस यांच्या जोरावर ते चालते. सायलेन्सर अमर आहे, पण पत्रा गंजून गाडी भंगारात निघाली, तर त्या अमरत्वाचे काय करायचे? एका भागाची आजीवन हमी घेऊन आपण गाडीच्या आयुष्याची हमी घेतली असे समजणे, म्हणजे दातांची काळजी मिटली म्हणून प्रकृतीची मिटली असे मानण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे आणि नीतीच्या दृष्टीने मला तोच महत्त्वाचा वाटतो. हमी देणारा मनात काय इच्छितो?

कोणी कोणाच्या मनात कशाला शिरावे, असे कोणी म्हणेल. पण वचनाच्या बाबतीत देणाऱ्याची इच्छा हा वचनाचाच भाग असतो. विमा कंपनीचे उदाहरण घ्या. घराला आग लागू नये असे घरमालकाला वाटते आणि कंपनीलाही वाटते. दोघांची इच्छा एकच आहे. त्यामुळे कंपनीने आगीची शक्यता मोजून हप्ता ठरवला तरी त्यात अप्रामाणिक असे काही नाही. आता आजीवन हमीचा एक प्रकार पाहा. भाग चांगला बनवला असेल आणि तो टिकावा म्हणूनच विक्रेता आशेने हमी देत असेल, तर तेथेही दोघांची इच्छा एक आहे. परंतु भाग बेताचा आहे, तो तीन-चार वर्षांत जाणार हे विक्रेत्याला पक्के ठाऊक आहे, आणि तरीही तो आजीवन हमी देतो. कारण तोवर बहुतेकांची पावती हरवलेली असेल, निम्म्यांनी गाडी विकलेली असेल, आणि उरलेल्यांना एवढ्याशा रकमेसाठी दुकानात जाऊन वाद घालण्याचा कंटाळा येईल, असा त्याचा हिशेब आहे. येथे वस्तू टिकावी अशी त्याची आशा नाही. ग्राहकाने विसरावे अशी त्याची आशा आहे. घेणाऱ्याच्या विस्मरणावर ज्याचा नफा उभा आहे, ते वचन कागदावर कितीही स्वच्छ असले, तरी ते वचन नव्हे. ती पैज आहे. आणि ती आपल्याविरुद्ध लावलेली आहे.

नागपूरच्या उन्हाने या पैजेला एक विनोदी पुरावा जोडला आहे. आजकालच्या पुष्कळ पावत्या शाईने छापलेल्या नसतात. उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर त्या उमटवलेल्या असतात. अशी पावती गाडीच्या पुढच्या खणात ठेवून मे महिन्यात गाडी उन्हात उभी करा. ज्या शहराने ४७ अंशांचा पारा पाहिला आहे, तेथे बंद गाडीच्या आत काय होत असेल याची कल्पना करा. भाग जाण्याच्या पुष्कळ आधी अक्षरे जातात. जन्मभराचे वचन आणि एका उन्हाळ्याचा कागद!

विकणाऱ्याची इच्छा वस्तूच्या आयुष्याविरुद्ध गेली म्हणजे काय होते, याचा इतिहासात दाखला आहे. दिवाळीच्या अंकात दिव्याचीच गोष्ट सांगितलेली बरी. १९२४ साली जगातल्या विजेच्या दिव्यांच्या मोठ्या कारखानदारांनी जिनीव्हा येथे एक संघ केला. 'फीबस' हे त्याचे नाव. दिवा सुमारे १,००० तास जळावा, त्याहून फार जास्त नाही, असे त्यांनी आपसांत ठरवले आणि ज्याचे दिवे जास्त टिकत त्या कारखान्याला दंड ठेवला. कौशल्य होते, पदार्थ होता, पण इच्छा उलटी होती, म्हणून दिव्यांचे आयुष्य घटले. वस्तूचे टिकाऊपण हा केवळ लोखंडाचा किंवा काचेचा गुण नाही. ती वस्तू टिकावी असे कोणाला वाटते, यावरही ते अवलंबून असते.

मग हमी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची इच्छा पूर्णपणे एक होईल, अशी व्यवस्था कधी कोठे होती काय? होती, आणि ती आपल्याच खेड्यांत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हा ग्रंथ लिहून तिचे सविस्तर वर्णन केले आहे. बलुत्याच्या पद्धतीत सुतार आणि लोहार शेतकऱ्याची अवजारे, गाडीची चाके, नांगराचे फाळ वर्षभर दुरुस्त करून देत, आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्याचा ठरलेला वाटा नेत. दर कामाला वेगळे पैसे नसत. आता या व्यवहाराची गोम पाहा. चाकाचा आरा वारंवार मोडला तर सुताराची कमाई वाढत नसे, फक्त श्रम वाढत. म्हणून आरा असा बसवावा की तो मोडूच नये, असे शेतकऱ्याइतकेच सुतारालाही वाटे. पावती नव्हती, मुदत नव्हती, अटी नव्हत्या, पण हमी होती आणि ती पिढ्यान् पिढ्यांची होती.

एवढे वाचून कोणाचे मन जुन्या काळाकडे धावत असेल, तर त्याला येथेच थांबवले पाहिजे. आपला पहिला प्रश्न आपण अजून सोडलेला नाही. आजीवन म्हणजे कोणाच्या जीवनापर्यंत? गावगाड्याच्या हमीचे उत्तर होते, सुताराच्या जीवनापर्यंत, त्याच्या मुलाच्या जीवनापर्यंत आणि त्याच्या नातवाच्याही. चाकाची हमी माणसाच्या जन्माला बांधलेली होती. सुताराच्या मुलाने दुसरे काही व्हायचे म्हटले तर गावाची हमी मोडत होती, म्हणून त्याने दुसरे काही होऊ नये अशीच सगळी रचना होती. ज्यांच्या वाट्याला गावाची हलकी मानलेली कामे आली, त्यांचे तर विचारूच नये. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले, ते याच जोखडाविरुद्ध. वतनाच्या नावाखाली गावाला मिळणारी जन्मभराची सेवा ही प्रत्यक्षात माणसाचे जन्मभराचे बंधन होती. वस्तू टिकावी म्हणून माणूस जखडून ठेवायचा असेल, तर वस्तू मोडलेली बरी.

म्हणून मला कागदी हमीबद्दल आदर आहे. ती माणसाला जन्माने बांधत नाही, वचनाने बांधते. आणि वचन तेवढ्यापुरतेच असते. गॅरेजमधला ओळखीचा मिस्त्री गाडी खाली उतरवून हात पुसत सांगतो, "काका, पुन्हा आवाज आला तर गाडी घेऊन याजा, पैसे नाही घेत मी." ही हमी कोणत्याही छापील हमीपेक्षा गोड आहे, यात शंका नाही, आणि बहुधा ती पाळलीही जाते. पण ती कोणाला मिळते? काकांना मिळते, दहा वर्षे त्याच गॅरेजमध्ये जाणाऱ्याला मिळते. बदली होऊन कालच शहरात आलेल्या कारकुनाला, एकट्याने गाडी घेऊन आलेल्या मुलीला, किंवा समृद्धी महामार्गावरून ७०१ किलोमीटरचा प्रवास करताना मध्येच अडकलेल्या परक्याला ती मिळेलच असे नाही. तोंडी हमी ओळख पाहते. छापील हमी पावती पाहते, तोंड पाहत नाही. त्या कोरडेपणातच तिची समता आहे. तिचा कोरडेपणा ठेवून, दोघांची इच्छा एक असण्याचा जुना गुण तिच्यात कसा आणायचा, एवढाच प्रश्न उरतो.

त्याची सुरुवात मोठ्या शब्दांऐवजी खऱ्या आकड्यांनी होते, असे मला वाटते. आपल्याकडच्या बॅटरीची हमी पाहा. इतके महिने फुकट बदलून मिळेल, त्यापुढे इतके महिने वापराच्या प्रमाणात किमतीत सूट मिळेल, असे तिच्यावर छापलेले असते. हे ऐकायला 'आजीवन' इतके भव्य वाटत नाही. पण त्यात वस्तुस्थितीचा आदर आहे. बॅटरी ही रासायनिक वस्तू आहे. उष्णता वाढली की तिच्यातल्या क्रिया वेगाने होतात, पाणी उडते, पट्ट्या लवकर झिजतात. थंड हवेच्या गावी ती जितकी टिकेल तितकी विदर्भाच्या उन्हात टिकणार नाही, हे कोणत्याही जाहिरातीने बदलत नाही. तेव्हा मर्यादित हमी ही कमी प्रतीची हमी नव्हे. आपल्याला किती माहीत आहे आणि किती नाही, हे सांगणारी ती प्रामाणिक हमी आहे. ब्रेक पॅड हा तर झिजण्यासाठीच जन्मलेला भाग आहे. तो झिजतो म्हणून चाक थांबते आणि आपण वाचतो. त्याला जेव्हा आजीवन हमी मिळते, तेव्हा ती झिजेला आहे की केवळ बनावटीतल्या दोषाला, हे विचारलेच पाहिजे. भाग फुकट असला तरी बसवण्याची मजुरी कोणाची, बदलून दिलेल्या भागाला हमी पुढे चालू राहते की तेथेच संपते, दुसऱ्या गावच्या दुकानात ती चालते काय, आणि गाडी विकल्यावर ती नव्या मालकाकडे जाते काय, हेही तेव्हाच विचारावे. चार-पाच प्रश्नांची ही उत्तरे पावतीवर लिहून घेतली आणि त्या पावतीची छायाप्रत घरी ठेवली, की पैज पुष्कळशी वचनात बदलते. विसरण्यावर बांधलेला हिशेब आठवणीने मोडतो.

आणि वेळ आली की मागावे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हक्काचे मागणे हे जणू लाचारीचे मागणे समजतात. 'एवढ्याशासाठी कोठे जायचे?' हे वाक्य आपल्याला उदार वाटते. पण हमीची किंमत वस्तूच्या किमतीत आपण आधीच मोजलेली असते. आपण सोडून दिले की ती रक्कम गरिबाला जात नाही, आपल्या संकोचाचा अंदाज ज्याने आधीच बांधला होता त्याला जाते. या संकोचाशी लढण्यासाठीच बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. आता ग्राहक जेथे राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. नागपूरच्या माणसाला कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे. हमी आजीवन असली तरी कायद्याची वाट पाहण्याची तयारी आजीवन नसते.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कारण दोघांची इच्छा एक असावी ही अट ग्राहकालाही लागू आहे. समजा, धरमपेठेतल्या एका गृहस्थाने झिजेसह आजीवन हमी असलेले ब्रेक पॅड घेतले. ते झिजल्यावर त्याने नवे मागितले, तर त्यात काही वावगे नाही. तेच वचन होते. पण फुकट मिळणार म्हणून तो गाडी वेडीवाकडी हाकू लागला, बरा भाग मुद्दाम खराब करून नवा घेऊ लागला, तर आता वस्तू मोडावी अशी इच्छा त्याची झाली. तो जे उकळतो ते दुकानदाराच्या खिशातून फार काळ जात नाही. पुढच्या ग्राहकाच्या किमतीत ते चढते. तसेच गाडी विकताना, हमी आपल्याबरोबरच संपते हे ठाऊक असूनही 'याला लाइफटाइम आहे' असे नव्या मालकाला सांगणारा माणूस, ज्या शब्दाने आपण फसलो त्याच शब्दाने दुसऱ्याला फसवतो. हमी देणारा आणि घेणारा यांत नीतीची वाटणी आधीच झालेली नसते. ती रोजच्या वागण्याने होते.

आता देणाऱ्याच्या आयुष्याविषयी दोन शब्द. अमेरिकेतल्या 'सीअर्स' या दुकानाची 'क्राफ्ट्समन' नावाची हत्यारे आजीवन हमीसाठी विख्यात होती. पाना मोडला तर नवा मिळे. २०१७ साली ते नाव दुसऱ्या कंपनीला विकले गेले आणि २०१८ साली सीअर्सवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. आपल्याकडे जनरल मोटर्सने २०१७ साली गाड्या विकणे थांबवले, तर फोर्डने २०२१ साली येथे गाड्या बनवणे बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या ग्राहकांना सेवा व सुटे भाग देत राहू, असे दोघांनीही सांगितले. तेव्हा वचनाची खरी परीक्षा विक्रीच्या दिवशी होत नाही. दुकान उठवायची वेळ येते, तेव्हा ती सुरू होते. 'गरज सरो, वैद्य मरो' हे आपण ग्राहकाविषयी म्हणतो. पण वैद्यही गरज सरल्यावर गाव सोडू शकतो. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक दालन उघडले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. वस्तू विकली म्हणजे तिचे भाग आणि दुरुस्तीची माहिती देण्याची जबाबदारीही आली, हा त्यामागचा विचार आहे. वस्तूच्या आयुष्याशी विकणाऱ्याचा संबंध टिकावा, ही जुन्या गावगाड्यातली एकच घेण्यासारखी गोष्ट येथे माणसाला न जखडता परत येऊ पाहते आहे.

तथापि, या सगळ्यानंतरही एक गोष्ट कोणत्याही हमीच्या बाहेरच राहते. आपण आजीवन हमी घेतो तेव्हा आपल्याला खरोखर हवा असतो तो भाग नव्हे. आपल्याला काळजीतून सुटका हवी असते. एकदा पैसे मोजून पुढे कधी वाकून पाहायला लागू नये, ही ती आस असते. आणि तीच कोणी विकू शकत नाही. भाग बदलून मिळेल. पण चाकातून आवाज येतो आहे हे ऐकणारा कान, टायरमधली हवा प्रवासाआधी पाहणारी सवय, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी पुसणारा हात, यांची हमी दुकानात मिळत नाही. ज्याच्याजवळ या गोष्टी आहेत त्याला आजीवन हमीचा खरा लाभ होतो. ज्याच्याजवळ त्या नाहीत त्याला नुसता भागच काय तो नवा मिळतो.

देवघरातल्या नंदादीपाला आपण अखंड म्हणतो. त्यातले तेल रोज संपते, वात रोज जळते, आणि पणती तडकली तर तीही बदलावी लागते. नागसेनांनी विचारले असते तर यांपैकी कशालाच दीप म्हणता आले नसते, आणि अखंड तर मुळीच नाही. तरी आपला शब्द खोटा नसतो. कारण घरातले कोणी ना कोणी झोपण्यापूर्वी उठून त्यात तेल घालते. गाडीच्या एखाद्या भागाला आजीवन म्हणायचे, तर तेही याच अर्थाने म्हणावे लागेल. मग ती हमी पत्रकावर कोणीही लिहून दिलेली असो.